दुसऱ्या ओळीतली बाटली

हॉटेलातल्या वाइनच्या कार्डावर सगळ्यात जास्त नफा कुठे असतो, असं कुणालाही विचारा. लोक म्हणतील, शेवटच्या ओळीत, जिथे आकडा बघूनच घाम फुटतो. साफ चूक. शेवटच्या ओळीतली बाटली आम्ही साठला घेतो आणि पंच्याण्णवला विकतो, आणि वर्षातून चार खपल्या तरी डोक्यावरून पाणी. खरा नफा दुसऱ्या ओळीत. आमचं कार्ड स्वस्तापासून सुरू होतं. पहिल्या ओळीतली बाटली आम्हाला नवाला पडते, ती आम्ही बाविसाला देतो. दुसरी पडते सहाला आणि तिच्यापुढे लिहिलंय एकतीस. म्हणजे महाग आहे ती हलकी आणि स्वस्त आहे ती बरी. हे कार्ड मी केलं, कारण मी इथला मॅनेजर आहे आणि मला माणसं कळतात.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे आपलीच मंडळी, पोटासाठी आपला देश सोडून इथे आलेली. रविवारी दुपारी सोळाच्या सोळा टेबलं त्यांची. यजमान कार्ड उघडतो आणि त्याचे ओठ हलायला लागतात. तो आकडा घरच्या पैशात करून बघत असतो. वीस वर्षं झाली तरी ही खोड जात नाही. मग त्याची नजर पहिल्या ओळीवर जाते आणि चटका बसल्यासारखी खाली सरकते. समोर पाहुणे, शेजारी बायको, सगळ्यात स्वस्त मागवली तर लोक काय म्हणतील? तिसरी परवडत नाही. मग तो घसा साफ करतो आणि दुसरी मागवतो, तीसुद्धा अशा थाटात की जणू त्याला तीच आवडते. दहातले सात जण.

आता यात एक मेख होती. समोरच्या सुपरमार्केटात सगळे जातात आणि तिथल्या प्रत्येक बाटलीचा भाव आपल्या मंडळींना तोंडपाठ असतो. एका गृहस्थाने एकदा मोबाइलमधला फोटो माझ्या नाकासमोर धरला होता, हीच बाटली तिथे अकराला आहे म्हणून. मी त्याला म्हटलं, मग तिथेच बसून प्या, ट्रॉली पण मिळेल. मालकीणबाई माझ्यावर भडकल्या, पण मी धडा शिकलो. दुसऱ्या ओळीत मी असं लेबल आणलं, जे फक्त हॉटेलांना मिळतं, दुकानात कधी दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन वर्षं तो आकडा कुणी ताडून बघू शकलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पोकळ ऐट करणाऱ्याने ऐटीचे पैसे मोजावेत, असं माझं मत होतं.

अशात दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल करतो, हाताला कायम ग्रीसचा वास. इथे आधी तो आला, मग त्याने मला आणलं. दोन वर्षं मी त्याच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपलो आणि वहिनीच्या हातचं जेवलो, एका पैशाची गोष्ट कधी निघाली नाही. पण अकरा वर्षांत तो आमच्या हॉटेलात जेवायला आला नव्हता. आपलं काम नाही ते, म्हणायचा. आता त्याच्या मुलीचं जमत होतं. मुलगा तिनेच पसंत केलेला, चांगला होता, आणि त्याच्या आईवडिलांना जेवायला घालायचं दादाच्या मनात होतं. त्यांचं घर मोठं, गाडी मोठी, बोलणंही मोठं, असं वहिनीकडून कळलं होतं. दादाने मला फोनवर बजावलं की टेबल बरं दे, पण बिलात हात घालायचा नाही, एक पैसा कमी करायचा नाही. भावाच्या जिवावर जेवायला घातलं, असं त्या लोकांनी म्हणता कामा नये. एवढी एक दुपार त्याला ताठ मानेने काढायची होती, दुसरं काही नाही.

मी हो म्हटलं. वाइनचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण दादा पीत नाही. वाटलं, सरबत मागवतील आणि सूप.

रविवारी एकला ती मंडळी आली. दादाच्या अंगात नवा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. वहिनी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, कधीही उठावं लागेल अशा. पुतणी आणि तो मुलगा समोरासमोर, आणि मधे मुलाचे आईवडील. मुलाचे वडील गोरेगोमटे, हसरे. त्यांचं काम बंदरावर माल सोडवून देण्याचं, म्हणून सगळे त्यांना क्लिअरिंगवाले म्हणतात. दादाने माझी ओळख करून दिली, हा माझा धाकटा, इथला मॅनेजर. हे सांगताना त्याची छाती जराशी पुढे आली. ते मला दिसलं आणि मला बरं वाटलं.

मग क्लिअरिंगवाल्यांनी सहज विचारलं की जेवणाबरोबर थोडी वाइन होऊ द्यायची का. दादा म्हणाला, हो हो, तर काय, आणि त्याने कार्ड उघडलं.

त्याचे ओठ हलायला लागले.

मी तिथे, त्याच्या खांद्याशी, पेन घेऊन उभा. वाकून कानात सांगावं, पहिली घे, तीच चांगली आहे? पण मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर दादाला सगळ्यात स्वस्त बाटली घे म्हणून मी कसा सांगणार? तेही मी, ज्याला त्याने सांभाळलं? त्या दुपारी त्याला तेवढं एकच ऐकायचं नव्हतं. मी दुसरी वाट काढली. म्हटलं, तिसरी आज फार छान आहे. दादाने तिसरीचा आकडा बघितला, अडतीस, आणि मला त्याच्या कपाळावरची शीर दिसली. दुसरी संपली आहे असं सांगावं, हे मला आता सुचतं. तेव्हा नाही सुचलं. एरवी गिऱ्हाइकाला थापा मारायला माझी जीभ कधी अडखळत नाही, पण दादासमोर ती टाळ्याला चिकटली. त्याने घसा साफ केला.

"दुसरी आण," तो म्हणाला. "ती बरी असेल."

मी आणली. उघडली. ओतली.

क्लिअरिंगवाल्यांनी घोट घेतला, मान डोलावली आणि सवयीने बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं. माणूस वाईट नव्हता हो. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण कारण सापडेना. बाजारात मास्तरांना विद्यार्थी भेटावा तसा त्याला आनंद झाला.

"अरे, ही तर आमच्या हातून जाते," तो बायकोला म्हणाला. "दर महिन्याला माल येतो. जकातीसकट सहाला पडते."

बाईंनी दादाच्या हातातलं कार्ड बघितलं होतं. त्या हसल्या. मग सहाची एकतीसला, पाचपट की हो, असं काहीसं बोलल्या, आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं की मी शेजारीच उभा आहे. पुतणी ताटाकडे बघत राहिली. दादाचे कान लाल झाले होते, पण तो हसला, आणि त्याने जे केलं ते मला आयुष्यभर पुरेल. त्याने माझी बाजू घेतली. म्हणाला, धंदा आहे, भाडं आहे, पगार आहेत, आणि हा बिचारा काय करणार, भाव मालकीण लावते, हा फक्त आणून देतो. क्लिअरिंगवाले लगेच म्हणाले, अर्थात, यांचा काय दोष.

मी तोंड उघडलं नाही. मालकीणबाईंवर शेकलं तर शेकू दे, असं वाटलं मला. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

पण दैव कसं असतं बघा. मालकीणबाई रविवारी प्रत्येक टेबलावर जाऊन दोन गोड शब्द बोलतात. त्या आल्या. मॅनेजरचे भाऊ जेवायला आलेत म्हटल्यावर त्यांना माझं कौतुक करायची उबळ आली. टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, हे सगळं तुमच्या भावाचं डोकं बरं का, माणूस दुसरी ओळ मागवतो हे त्याने ओळखलं, त्या एका बाटलीवर आमचं नवं स्वयंपाकघर उभं राहिलं. त्यांना वाटलं त्या मोठेपणा देतायत. मग त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दादाने सगळ्यांना भाजलेला मासा वाढला, मुलाच्या आईला गोड काय आवडतं ते विचारलं, क्लिअरिंगवाल्यांचा पेला दोनदा भरला. जेवण नीट झालं. मुलाकडच्यांनी तारखांच्या गोष्टी काढल्या, म्हणजे लग्न पक्कंच. बाहेर जाताना क्लिअरिंगवाल्यांनी माझा हात हातात घेतला आणि मनावर घेऊ नका म्हणाले. मी म्हटलं, छे.

सगळे जिन्याशी कोट चढवत असताना दादा एकटा गल्ल्यापाशी आला. बिल त्याने पूर्ण दिलं, एकतिसासकट, वर टिपेच्या बरणीत नाणी टाकली. मग तिथेच उभा राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर निदान मोकळा झालो असतो.

"एक विचारू?" तो म्हणाला. "लोक दुसरी मागवतात, हे तुला कसं रे कळलं?"

अनुभव, असं म्हणता आलं असतं. मालकीणबाईंना मी तेच सांगितलंय. पण त्याने खरंच विचारलं होतं, उत्तर हवं म्हणून.

"तुझ्याकडे बघून," मी म्हणालो.

आमचे वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि मी आठ. माझे शाळेचे बूट, छत्री, कंपासपेटी, सगळं त्याने घेतलं. दुकानदार माल मांडायचा आणि दादा एकच वाक्य बोलायचा, की सगळ्यात स्वस्त नको, त्याच्या वरचं दाखवा. दर वर्षी, दर दुकानात. मी त्याच्या बोटाला धरून ते ऐकायचो. कार्ड लिहायला बसलो तेव्हा मला ते वाक्यच ऐकू आलं, आणि मी त्या वाक्यापुढे आकडा मांडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

दादाने पाकीट खिशात टाकलं.

"स्वतःसाठी मी कधी नाही घेतलं तसलं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी घ्यायचो. आज पोरीसाठी."

आणि तो जिन्याकडे गेला, पाहुणे थांबले होते.

तुम्ही विचाराल, मग मी कार्ड बदललं का. नाही बदललं. मालकीणबाईंना काय कारण सांगणार होतो? पुढच्या रविवारी दुसऱ्या ओळीतल्या अकरा बाटल्या गेल्या. पण तेव्हापासून यजमान घसा साफ करतो तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही. टेबलावर कोण कोण बसलंय ते बघतो. एकदा एका माणसाची म्हातारी आई होती. एकदा कुणाचा तरी पास झालेला पोरगा होता. ऐट करणारा मला फारसा सापडला नाही.

दादा माझ्याशी तुटला वगैरे नाही. फोन येतात, वहिनी डबा पाठवतात. लग्नाच्या आधी त्याने मला कपड्यांच्या दुकानात नेलं, नवरीच्या काकाला कोट त्याने घ्यायचा असं त्याने ठरवलं होतं. मी नको नको म्हणत गेलो. दुकानदाराने पाच कोट ओळीने मांडले, भावाच्या चिठ्ठ्या लावलेले, आणि विचारलं, कुठला दाखवू. दादाने तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार ते. ते आलं नाही. तो त्या चिठ्ठ्यांकडे एकेक करून बघत राहिला, आणि मग फसवला गेलेला माणूस बघतो तसा माझ्याकडे वळला.

"तू सांग रे, कुठला घेऊ," तो म्हणाला. "मला आता नाही कळत."

पन्नाशीला आलेला माणूस मी, भर दुकानात मला रडू फुटलं.