बारा नंबरची भानगड

आईने बटण दाबलं की घंटा वाजायला हवी होती, तर पंखा सुरू झाला. अर्धांगवायूने आईची वाचा गेली होती, पण डावा हात आणि राग दोन्ही शाबूत होते. तिने पुन्हा बटण दाबलं, मग पुन्हा. पंखा आपला गरगरतोय आणि आई गारठतेय.

ताईचा सगळा जीव या घंटेत अडकला होता. परगावची नोकरी हातात होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं; पण आईला कोणाला तरी बोलावता येईल अशी सोय झाली तरच ती जाणार होती. म्हणून तिने स्वतःच्या आणि धाकट्या भावाच्या खोलीत घंटा बसवल्या आणि वायरी छोट्या कॉम्प्युटरच्या बोर्डावरच्या पिनांना आणून जोडल्या; पंख्याची वायर तिथे आधीपासून होतीच. कोणत्या पिनवर काय आहे हे कॉम्प्युटरला लिहून समजावणं धाकट्याचं काम. तो दिवसभर कॉम्प्युटरशीच बोलतो, घरच्यांशी तेवढं जमत नाही.

"तुझी वायर ढिली असणार," धाकटा खुर्चीतून न उठता म्हणाला.

"माझी वायर काढायला पक्कड लागेल. माझी घंटा कितीवर लिहिलीस?"

"तूच म्हणालीस ना बारावर? बारा लिहिलं."

ताईने पिना बोटाने मोजून दाखवल्या. बारावी पिन, घंटेची वायर. धाकट्याचा चेहरा पडला. त्याने लिहिले होते ते आतल्या चिपचे आकडे: बोर्डावर मोजून बारावी येणाऱ्या पिनला चिप अठरा म्हणते, आणि चिपची बारा बोर्डावर बत्तिसाव्या जागी असते. तिथे पंखा जोडलेला होता.

"म्हणजे दोघंही बरोबर," तो म्हणाला.

"दोघंही बरोबर आणि आई कुडकुडतेय. बदल."

त्याने नंबर दुरुस्त केले. आईने बटण दाबलं आणि ताईच्या खोलीत घंटा खणखणली. ताईला हसू फुटलं, मग ती थांबली.

"आणि तुझ्या खोलीतली?"

धाकटा डोकं खाजवू लागला. ती त्याच्या खांद्यावरून वाकली. स्क्रीनवर त्याच्या घंटेची ओळ होती, पण ओळीच्या सुरुवातीला # अशी खूण होती. ही खूण घातली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही, एवढं ताईला ठाऊक होतं.

"तू खरंच जाशील असं कुठे वाटलं होतं," तो पुटपुटला.

ताईला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. तिने कीबोर्ड ओढून घेतला, त्याच्या ओळीपुढची खूण खोडली आणि स्वतःच्या ओळीपुढे घातली.

आईने बटण दाबलं. धाकट्याच्या खोलीत घंटा वाजली. तो ताईकडे बघत राहिला. ताई जागची हलली नाही.

घंटा परत वाजली, तेव्हा तो उठला.