घागरीचं ध्रुपद

पार्से गावात गोकुळदासांच्या घरी ध्रुपद कोणी खाली पडू देत नाही. म्हणजे असं, की एकाने कडवं म्हटलं आणि तो ध्रुपदापाशी आला, की ज्याच्या कानावर ते पडलं तो असेल तिथून उचलणार. न्हाणीघरातून उचलतील, गोठ्यातून उचलतील, माडाला पाणी घालता घालता उचलतील. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा आता फाटकाशी हॉर्न वाजवायच्या आधी एक ओळ म्हणून टाकतो. तीन पिढ्यांचं भजनी घर ते. कडवं बुवाने म्हणायचं आणि ध्रुपद सगळ्यांनी, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं.

अशा घरात तनयाला एकटीचा आवाज रेकॉर्ड करायचा होता.

तनया डिचोलीची. लग्नाआधी बरीच वर्षं गाणं शिकलेली. सासरी आल्यावर तिचं गाणं बंद पडलं असं कोणी म्हणणार नाही. उलट एकादशीला सासरे गोकुळदास स्वतः हाक मारायचे, "तनया, बस गो. ध्रुपदाक सूर जाय." ध्रुपदाला सूर हवा म्हणून ती सासूबाईंच्या, देवकीच्या शेजारी बायकांच्या ओळीत बसायची आणि ध्रुपद म्हणायची. कडवं कधी तिच्या वाट्याला आलं नाही. घरातलं कोणी वाईट नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. वाईट माणसांशी भांडता तरी येतं. इथे सगळे लाड करत होते आणि त्या लाडात तिचा जीव गुदमरत होता.

पुण्याच्या एका ऑनलाइन संगीत वर्गाला शिक्षिका हवी होती. गाऊन पाठवा म्हणाले. अट एकच, फक्त तुमचा आवाज हवा, मागे दुसरा कोणाचा नको. हे काम मिळालं तर रोज दोन तास दार लावून गायचा हक्क मिळणार होता, आणि तनयाला पगारापेक्षा ते लावलेलं दार हवं होतं. तिने फोनवर गाऊन पाठवलं. वर्गाच्या बाईंचं उत्तर आलं, ‘आवाज सुरेख. पण मागे गाणारे ते पाच-सहा जण कोण?’ महिनाअखेरीपर्यंत नीट रेकॉर्डिंग पाठवा, असंही त्यांनी लिहिलं होतं.

म्हणून माइक आणि आवाज नोंदायचा मिक्सर घ्यायचं ठरलं. नवरा रुद्रेश मुरगाव बंदरात कामाला. पहाटेच्या बसने जायचा आणि दिवेलागणीनंतर यायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं म्हापशाला जाऊन दुकान पालथं घालून आली. दोन मिक्सर मनात राहिले. एक मोठा, बारा चॅनलचा, वर-खाली सरकवायच्या बटणांची लांब रांग असलेला. दुसरा चार चॅनलचा, पाटाएवढाही नाही. तनयाने भाजी चिरता चिरता फोनवर कितीतरी व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे तिला खोच ठाऊक होती. तो मोठा लॅपटॉपला जोडला की बाराही आवाज एकजीव होऊन जायचे, मग आमटीतलं मीठ काढून दाखवा म्हणावं तसं. छोटा मात्र प्रत्येक माइक वेगवेगळा नोंदायचा. हवा तो ऐका, नको तो बंद करा. तिला छोटाच हवा होता.

गोकुळदासांना फोटोतच मोठा आवडला. "मंडळात बारा जाण आसात. चार माइक हाडले तर आठ जाणांनी कितें करचें?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि त्यांच्या डोळ्यांत लहान मुलाचा आनंद होता. मिक्सर कशासाठी घ्यायचा आहे हे ते विसरले नव्हते. तनयाचं गाणं म्हणजे आपलंच भजन, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता. रुद्रेश म्हणाला, "बाबाक दुखोवप बरें न्हय गो." मग धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं असं झालं की पार्शात करतात तेच गोकुळदासांनी केलं. देवाला कौल लावायचं ठरवलं.

सोमवारी सगळे देवळात. यशवंत गुरवाने देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गोकुळदासाच्या घरात गाण्याचा यंत्र येवचा आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"मोठा येवचा तर उजवो कौल दी, धाकटा येवचा तर डावो दी..."

"व्हय म्हाराजा!"

"जा येयत, त्यात सगळ्या घराचो आवाज एक होवन देवाक पावांदे..."

"व्हय म्हाराजा!" यात तनयाचाही आवाज होता. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नेमकं नको तेच मागितलं. जीभ चावून काय उपयोग? ती हात जोडून कळ्यांकडे बघत राहिली. बराच वेळ काहीच हललं नाही, आणि मग डावीकडची कळी ओघळली.

देवाने दिलं त्यावर गोकुळदास हूं की चूं करत नाहीत. आठवड्याभरात छोटा मिक्सर घरी आला. त्याची हळदकुंकू लावून पूजा झाली, नारळ फुटला, आणि पहिलं रेकॉर्डिंग देवाचं म्हणून भजनाचं ठरलं. "चार माइक पुरो," गोकुळदास म्हणाले. "एक माका, एक पखवाजाक, एक पेटीक, आनी एक बायलांक." तनयाला नाही म्हणवेना. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती देवकीच्या शेजारी बसली आणि बायकांच्या माइकमध्ये ध्रुपद म्हणू लागली.

त्या दिवशी गोकुळदासांच्या आजोबांनी रचलेली गवळण घेतली होती. ध्रुपद असं:

घागर भरली गे, वाट माझी सरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तनयाने हेडफोन लावून एकेक आवाज वेगळा करून ऐकला. आधी बायकांचा ठेवला. लांबलचक शांतता, मग ‘घागर भरली गे’, परत शांतता, परत ‘घागर भरली गे’. तिचा आणि देवकीचा आवाज, दुसरं काही नाही. अर्धा तास गाऊन दोघींनी ती एकच ओळ म्हटली होती. मग तिने गोकुळदासांचा आवाज एकटा लावला आणि कडवी तिला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आली. एरवी पखवाजाच्या दणक्यात ती विरून जायची. चांगली पाच कडवी होती. तिने ती दोन दिवसांत पाठ केली आणि ठरवलं, पुण्याला हीच पाठवायची.

पण गायची कुठे आणि कशी? भरदुपारी खोलीचं दार लावलं तर गोकुळदास बाहेरून म्हणाले, "दिसा दार कित्याक बंद? लोक विचारतले घरात कोण गेलो." कसंबसं समजावून तिने दार लावून घेतलं आणि पहिलं कडवं म्हटलं. कडवं संपलं मात्र, ओसरीवरून गोकुळदास, मागल्या दारातून गडी आणि स्वयंपाकघरातून देवकी यांनी एका सुरात ध्रुपद उचललं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा गोकुळदासांनी तोंडावर हात धरला होता, पण ध्रुपद आलं तसा हात आपोआप सुटला. नंतर त्यांनीच बिचाऱ्यांनी कान पकडले. तनया खोलीत बसून रडली. तिला राग कोणाचा येतोय तेच कळेना.

महिना संपत आला. शेवटच्या दिवशी गोकुळदासच म्हणाले, "आमी सगळीं काजूंत वतात. सांजेर येतले. तूं गा." गडी-माणसं घेऊन ते काजूच्या बागेत गेले. देवकी मात्र राहिली, चुलीवर पेज होती म्हणून. "तोंडाक कुलूप लायतां," तिने आपणहून सांगितलं.

तनयाने दार लावलं. माइक समोर घेतला, मिक्सरचा लाल दिवा लागला. पहिलं कडवं तिने असं म्हटलं की तिचं तिलाच बरं वाटलं. मग ध्रुपद आलं आणि ती थांबली. का थांबली, ते तिला कळलं नाही. कोणीतरी उचलेल म्हणून ती वाट बघत होती. घर जवळजवळ रिकामं होतं आणि तिचं तोंड बंद होतं. त्या शांततेत स्वयंपाकघरातून हळूच आलं, ‘घागर भरली गे, वाट माझी सरेना.’

तनया तडक बाहेर आली. देवकी पदर तोंडावर धरून चुलीपाशी उभी होती.

"चुकलें गो," देवकी म्हणाली. "आपसूक आयलें."

"आई, माझंच चुकलं. मीच थांबले." तनया तिथेच पाटावर बसली. पेज उतू जायला आली तशी देवकीने ती खाली उतरवली आणि पाठमोरीच विचारलं, "तनया, शेवटाक ती घरा पावता काय गो?"

"कोण?"

"ती घागरवाली. तीस वर्सां म्हणटां. पूण कडवीं केन्ना समजूंक नात. आमचें लक्ष आमची ओळ केन्ना येता, ताचेर."

एवढी वर्षं या बाईने शेकडो गाण्यांची एकेक ओळ म्हटली आणि पुढे काय झालं ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आपणही तिच्याच शेजारी बसतो, हे तनयाला आठवलं.

"ना आई. घरा पावना. शेवटच्या कडव्यात ती घागर भुंयेर ठेयता आनी आंब्याखाला बसता."

देवकीने हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे ती घागर उतरयता," ती म्हणाली, "आनी आमी मागीर परत ध्रुपद म्हणटात. परत तिच्या माथ्यार दितात."

भजनाची रीतच तशी, शेवटच्या कडव्यानंतर ध्रुपदावर यायचंच. न आलं तर गाणं पुरं झालं असं कोणी मानत नाही.

तनया उठली. "आई, परत गाते. या खेपेला शेवटी ध्रुपद घेणार नाही."

"दार उगडेंच दवर," देवकी म्हणाली. ती खोलीत आली नाही. ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली आणि पदराचा बोळा तिने तोंडाशी धरला.

तनयाने परत पहिल्यापासून धरलं. ध्रुपदाला ती थांबली नाही, स्वतःच म्हणून पुढच्या कडव्यात गेली. दुसरं झालं, तिसरं झालं. उघड्या दारातून तिला देवकीची पाठ दिसत होती आणि प्रत्येक ध्रुपदाला ती पाठ किंचित हलत होती. तिला गाऊ न देता आपण गातोय, हे तनयाला टोचत होतं. तरीही ती गात राहिली. पाचवं कडवं चालू असतानाच अंगणात पावलं वाजली. बागेतली मंडळी ठरल्या वेळेआधी परत आली होती, पुढे गोकुळदास, डोक्यावर काजूंची पाटी. बाई आंब्याखाली बसली, कडवं संपलं, आणि गोकुळदासांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला.

"रावात," देवकी म्हणाली. उभी राहून, हात वर करून त्यांना थांबवत. "तिका बसूंक दियात."

गोकुळदासांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ध्रुपद खाली पडलं.

पुण्याला पाठवण्यापूर्वी तनयाने एकदा ऐकून पाहिलं. पाच कडवी स्वच्छ आली होती. शेवटी थोडी शांतता, आणि मग लांबून पण स्पष्ट, ‘रावात. तिका बसूंक दियात.’ दुसरा आवाज नको अशी अट होती. तेवढं कापून टाकणं एका बटणाचं काम होतं. तनयाने बोट बटणावर नेलं, परत घेतलं, आणि होतं तसंच पाठवून दिलं.

ती बाहेर आली तेव्हा देवकी पायरीवर बसलेली होती. गोकुळदास अजून अंगणातच उभे होते, डोक्यावरची पाटी उतरवायचं विसरून.