आठवं अक्षर

वाऱ्याने मेजपोशाचा कोपरा पुन्हा उडवला, तेव्हा डिम्फनाने ओठांत धरलेली टाचणी काढली आणि तो कोपरा लाकडी फळीला पक्का टोचला. दोन वस्त्यांमधल्या उंच भिंतीतलं लोखंडी फाटक आज सताड उघडं होतं आणि त्याच्या मधोमध ते लांबलचक टेबल मांडलं होतं, अर्धं या बाजूच्या रस्त्यावर, अर्धं त्या बाजूच्या. मेजपोश दोन्हीकडच्या बायकांनी हिवाळाभर एकत्र बसून शिवला होता. प्रत्येकीचा एक चौकोन, आणि चौकोनाखाली टेबलाला चिकटवलेल्या छोट्याशा स्पीकरमधून तिचाच आवाज.

"अगं, पुरे की आता. टेबल काही पळून जात नाही," समोरून मर्टल म्हणाली.

"बेलफास्टचा वारा आहे बाई. टेबलाबरोबर तुलाही नेईल."

"मला न्यायचं तर त्याला दोन खेपा कराव्या लागतील!" मर्टल स्वतःच्या पोटावर थाप मारून हसली.

मर्टल त्या बाजूची, प्रॉटेस्टंट. डिम्फना या बाजूची, कॅथलिक. दोघींची घरं इतकी जवळ की एकीने बेकन करपवलं तर दुसरीला वास यायचा. पण मध्ये भिंत, त्यामुळे अख्ख्या जन्मात एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. ते दाखवलं इमोजेनने. ही इमोजेन इंग्लंडहून आलेली कलाकार पोर, मोठाले बूट घालून दिवसभर धावायची आणि सगळ्यांवर मनापासून माया करायची. तिचा नियम एकच होता. जे गमावलं ते सांगायचं, पण आपली बाजू, चर्च, गल्ली, आडनाव यातलं काही बोलायचं नाही. "ऐकणाऱ्याला फक्त दुःख ऐकू येऊ दे, बाजू नको," ती म्हणायची. बायका माना डोलवायच्या. बेलफास्टात माणूस नुसता खोकला तरी लोक त्याचा धर्म ओळखतात, हे त्या गोड पोरीला कोण सांगणार?

डिम्फनाने आज मयतीला जायचा काळा कोट घातला होता. सकाळी चहाबरोबर पावाचा तुकडासुद्धा गिळला नव्हता. तिच्या चौकोनाखाली एक वाक्य होतं, आणि ते आज तिच्या गल्लीतले सगळे ऐकणार होते. 'एच म्हणायला त्याला मीच शिकवलं होतं.'

इंग्रजी वर्णमालेतलं हे आठवं अक्षर भिंतीपलीकडे 'एच' असतं आणि अलीकडे 'हेच'. शाळेत जिभेला जे वळण लागतं ते मरेपर्यंत सुटत नाही. कपडे बदला, नाव बदला, हे एक अक्षर चुगली करतंच. चाळीस वर्षांपूर्वीचे ते दंगलीचे दिवस होते, आणि तिच्या वीस वर्षांच्या मुलाला, ह्यूला, त्या बाजूच्या कारखान्यात नोकरी लागली होती. डिम्फनाने लग्नाआधी त्या बाजूला धुणीभांडी केली होती, तिला तो उच्चार येत होता. रोज जेवणाच्या टेबलावर ती त्याच्याकडून घोटून घ्यायची. 'एच. परत म्हण. एच.' ह्यू तोंडातला बटाटा सांभाळत हसायचा. 'आई, त्या ह-ने तुझं काय घोडं मारलंय गं?'

एका रात्री कामावरून परतताना त्याला काहींनी अडवलं. दिवे फोडलेला रस्ता, तोंडावर फडकी, आपले की त्यांचे हे कळायला मार्ग नाही. वर्णमाला म्हण, म्हणाले. ह्यूने आईचं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात फेलिम मागच्या दाराने आला. गल्लीतलाच पोरगा, ह्यूबरोबर चेंडू खेळून वाढलेला, चारच दिवसांपूर्वी त्याच्या शवपेटीला खांदा दिलेला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "काकू, तो 'एच' म्हणाला हो. आम्हाला वाटलं त्यांच्यातला." आणि जाताना, दार ओढून घेता घेता, "हे बाहेर पडलं तर बरं होणार नाही. तुमची धाकटी पोरं आहेत अजून." मग गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या भिंतीवर ह्यूचं चित्र काढलं गेलं, 'त्यांनी' मारलेल्यांच्या रांगेत. डिम्फना रोज त्याच्यासमोरून दूध आणायला जायची. चाळीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आता धाकटी पोरं ऑस्ट्रेलियात होती, स्वतः ती ऐंशीच्या घरात. आता कुणी काय वाकडं करणार होतं?

लोक जमले. दोन्हीकडून बशा आल्या, सँडविच आले, किटल्या आल्या. या बाजूच्या टोकाला फेलिमही होता, टोपीखाली पिकलेले केस, हातात चहाचा कप. इमोजेनने टाळी वाजवली आणि एकेक चौकोन बोलू लागला. डिम्फनाचा आला तेव्हा तिने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

"माझा मुलगा वीस वर्षांचा होता," तिचाच आवाज म्हणाला. "कामावरून येत होता. अंधारात त्याला अडवलं. वर्णमाला म्हण, म्हणाले. तो म्हणायला लागला."

आणि मग व्हायोलिन वाजू लागलं.

डिम्फना वाट बघत राहिली. व्हायोलिन संपलं आणि पुढच्या बाईचा चौकोन सुरू झाला. लोक डोळे पुसत होते. तिने इमोजेनची बाही धरली.

"पुढचं कुठंय?"

"कुठलं?"

"पुढचं. शेवटचं वाक्य."

"अहो, ते अक्षराचं काहीतरी होतं ना? मी तीनतीनदा ऐकलं, मला काही कळेना. म्हटलं, लोकांचा उगाच गोंधळ होईल." इमोजेनचे डोळे भरून आले होते. "आता बघा ना, 'म्हणायला लागला' पाशी थांबल्यावर कसं काळजात घुसतं!"

डिम्फनाला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी आपण वाचलो, असंही वाटलं. त्या वाटण्याचीच तिला जास्त चीड आली.

तेवढ्यात मर्टल टेबलाला वळसा घालून आली. हसरं तोंड पार उतरलं होतं. तिने डिम्फनाचे दोन्ही हात धरले.

"मला माफ कर गं. आमच्या लोकांनी... माझ्या भावाकडे यायची तसली पोरं. मला दिसायचं ते काय करतात. तरी मी त्यांना चहा करून द्यायची, डिम्फना. त्यांच्यातलाच एखादा असेल."

आता. आता सांग. 'मर्टल, ते तुमचे नव्हते.' एवढे चार शब्द. डिम्फनाने मर्टलच्या खांद्यावरून पाहिलं. फेलिमचा कप ओठांपाशी थांबला होता. त्याच्यामागे सगळी गल्ली उभी होती, नव्या पोरीबाळीसुद्धा, ह्यूच्या चित्रापुढे दर वर्षी फुलं ठेवणाऱ्या. मर्टल तिच्या गळ्यात पडून रडत होती, आणि असं कुणी तिच्या गळ्यात पडल्याला किती वर्षं झाली होती.

"असू दे," डिम्फना म्हणाली. "असू दे गं."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. फोटो निघाले. जर्मनीहून आलेली एक वार्ताहर बाई कागद सरसावून पुढे आली.

"आजी, तुमच्या मुलाचं नाव काय होतं?"

"ह्यू."

"कसं लिहायचं ते? एकेक अक्षर सांगाल का?"

टाळ्या थांबल्या होत्या. मर्टलचा हात हातात होता, गरम आणि ओला. डिम्फनाला जेवणाचं टेबल दिसलं, बटाट्याची वाफ, समोर हसणारा तो. तिने त्याला शिकवलं होतं तसंच म्हणायला तोंड उघडलं.

"हेच," ती म्हणाली. "यू. जी. हेच."

फेलिमने कपात साखर घातली आणि सावकाश ढवळली. सुंठीवाचून खोकला गेला होता. मर्टलने तिचा हात आणखी घट्ट धरला.

वार्ताहर बाईने नाव लिहून कागद तिच्यापुढे धरला. "बरोबर आहे ना?"

डिम्फनाने चष्मा लावला. अक्षर सुरेख, टपोरं होतं. लिहिताना ते दोन्हीकडे सारखंच लिहितात.

"बरोबर आहे," ती म्हणाली.