बिनठेक्याचे डोळे

कपड्यांच्या कारखान्यात शंभरेक शिलाई मशीनं होती. त्यांतलं एखादं कुरकुरलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव यायचं: मिस्त्रीणबाई. पाना उचलण्याआधी ती मशीनवर तळहात ठेवून गप्प उभी राहायची. थरथर ठेक्यात असली तर बिघाड तिथंच. ठेकाच नसला तर त्या जागी वेळ घालवायचा नाही. खोड दुसरीकडे असते, पट्ट्यात, मोटारीत, कधी पायाखालच्या फरशीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बारा वर्षं तेलात हात काळे करून तिनं कमावलं होतं.

तिच्या दीड वर्षाच्या लेकीला घरात भिंगरी म्हणत. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत भिंगरी घरभर पळायची. मग ती उठता-बसता धडपडू लागली, सारखी किरकिर करू लागली आणि तिचे डोळे नाचू लागले.

दवाखान्याच्या तीन फेऱ्या झाल्या. डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता, माणूस वाईट नव्हता, पण बाहेर ही रांग आणि आत भिंगरी रडून डोळे घट्ट मिटून घेणार. "असं बऱ्याच मुलांना असतं हो. डोळा हळूच एका बाजूला सरकतो, मेंदू त्याला झटक्यानं जागेवर आणतो, पुन्हा पुन्हा, एका ठेक्यात. काहींना जन्मापासून, काहींना कानातला तोल बिघडला म्हणून. वाट पाहू."

चौथ्या खेपेला सासूबाई सोबत आल्या. दारातच त्यांनी बजावलं, "तोंड आवर हं. डॉक्टरपेक्षा शहाणी नाहीस तू."

"नाहीच आहे. पण पोर माझी आहे."

डॉक्टरनं पुन्हा तेच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मिस्त्रीणबाई खुर्चीतच.

"बाई, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी उठत नसते." तिनं मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. "काल दूध पिताना टिपलंय. डोळे हलतील तसा पेनानं ठेका धरून दाखवा. एवढं करा, मग जाते."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

डॉक्टर हसला. टेबलावर पेन टेकवलं, टक, टक. तोवर डोळे वर गेलेले, मग तिरके, मग थांबले, मग लागोपाठ दोन झटके. त्यानं पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा पेन हवेतच राहिलं आणि हसू पार मावळलं.

"ठेका नाही," तो म्हणाला.

"नाही ना? मग बिघाड डोळ्यांत नाही. दुसरीकडे शोधा."

त्यानं लगेच लहान मुलांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. असे बिनठेक्याचे डोळे दिसले की पोटात गाठ शोधायची, असं त्या म्हणाल्या, आणि दुपारी भिंगरीच्या पोटाची तपासणी झाली. मूत्रपिंडाच्या वर, कण्याला लागून, लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टरनं आडपडदा न ठेवता सांगितलं: या गाठीशी लढायला उठलेलं शरीर चुकून स्वतःच्या मेंदूवरही हात उगारतं, म्हणून डोळे असे सैरावैरा. गाठ काढायची, मग शरीराची ही चुकीची लढाई थोपवणारी औषधं. दिवस लागतील, पण गाठ अजून पसरलेली दिसत नाही.

"बरं झालं, वेळेत आणलंत."

"मी चौथ्यांदा आणलंय. पाहिलंत तुम्ही आज." ती रागानं बोलत होती, कारण राग सोडला असता तर ती तिथंच कोसळली असती.

डॉक्टरनं मान खाली घातली. "चुकलं माझं."

संध्याकाळी नर्स सुईचा ट्रे घेऊन खाटेपाशी आली. "आईनं बाहेर थांबायचं."

मिस्त्रीणबाईनं खाटेचा कठडा धरला. दिवसभराचं सगळं बळ संपलं होतं. सासूबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, सुनेला खांदा धरून खाली बसवलं आणि पदर खोचून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"ती उठत नसते," त्या म्हणाल्या. "आणि मीही हलत नसते."