लेट्यूसच्या खोलीतला पाळणा

तिने लेट्यूसचा गड्डा हळूच उकलला आणि तिचा चेहराच पडला. बाहेरची पानं दृष्ट लागावी अशी टवटवीत, पण गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा मात्र इस्त्रीचा चटका बसावा तशा तपकिरी.

खोली मूळची सासूबाईंच्या शिवणाची. सून मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर पालेभाजी पिकवणार म्हटल्यावर त्यांनी आपलं मशीन मुकाट पॅसेजमध्ये नेलं होतं. "घे बाई, कर तुझी शेती. सुई काय, कुठेही चालते." म्हणूनच तर तिच्या जिवाला घोर होता. मागची खेप हॉटेलच्या शेफने अशाच जळक्या कडा दाखवून परत पाठवली होती. हीसुद्धा गेली, तर खोली रिकामी करून मशीन पुन्हा आत आणायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"कॅल्शियम पोचत नाहीये आई," ती दारातल्या सासूबाईंना म्हणाली. "लक्षणं अगदी तीच आहेत."

"मग घाल की अजून."

"घालतेच आहे हो!"

सासूबाई खोलीत आल्या त्या चोरपावलांनीच. कारण पाळणाही इथेच होता. पाइपांतलं झुळझुळ पाणी ऐकल्याशिवाय ठमी, म्हणजे तान्ही लेक, डोळा मिटेल तर शपथ.

"ते खताचे डबे दोन टोकांना का गं?"

"घट्ट द्रावणं आहेत ती. एकत्र केली की फाटतात, तळाशी पांढरा गाळ बसतो."

"म्हणजे जावाजावाच की!"

तिला हसू आलं, पण ओठांतच विरलं. तिने टाकीतलं पाणी पुन्हा तपासलं. कॅल्शियम भरपूर होतं. भरपूर कसलं, तिने घाबरून ओतत राहिल्यामुळे पाणी इतकं खारट झालं होतं की मुळांना ते ओढणंही जड जावं. मग घोडं पेंड खातंय कुठे?

"आणि हे बघ," सासूबाईंनी दोरीवरचं दुपटं तिच्या हातात दिलं. "सकाळी टाकलंय. अजून ओलं. या खोलीत काही म्हणजे काही वाळत नाही."

ती ते ओलं दुपटं धरून उभीच राहिली. मग तिने पाळण्यात पाहिलं. टोपी, मोजे, वर शाल. ठमीच्या मानेला घाम. खिडकी बंद. पंखा बंद. वारा लागू नये म्हणून पाळणा आत आणला त्याच दिवशी तिने स्वतःच्या हाताने बंद केलेला.

"आई, दुपटं वाळत नाही तिथे पान तरी कसं वाळेल!"

"पान कशाला वाळायला हवंय?"

"तसं नाही हो. पानातून वाफ उडाली तर खालून पाणी वर चढतं, आणि कॅल्शियम त्या पाण्याच्या पाठीवर बसूनच वर जातं. बाहेरची पानं मिळेल तेवढं ओढून घेतात. आतली बिचारी गुंडाळलेली. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नाही."

"मग लाव पंखा."

"आणि ठमी?"

"ठमी माझ्याजवळ."

"रडेल हो ती तिथे."

"रडेल. तिला तोंड दिलंय देवाने."

पाळणा मशीनशेजारी गेला. ठमीने घर डोक्यावर घेतलं. ही दारात नखं खात उभी. दोनदा पाऊल पुढे टाकलं, दोनदा सासूबाईंनी नजरेने मागे लोटलं. मग त्यांनी मशीनवर पाय टाकला, खडखड सुरू झाली आणि रडणं मध्येच तुटलं.

"हिचा बापही असाच झोपायचा," त्या सुईवरून नजर न काढता म्हणाल्या.

सुनेने पुढे होऊन ठमीची टोपी तेवढी काढली, मोजे राहू दिले. मग आत जाऊन पंखा लावला, खिडकी उघडली आणि टाकीत साधं पाणी सोडून द्रावण सौम्य केलं. जळलेल्या कडा काही भरून येणार नव्हत्या. वाचले तर मागच्या रांगांतले लहान गड्डे वाचणार होते.

ते भरले तेव्हा माल बघायला घरी आलेल्या शेफने टेबलापाशी उभ्याउभ्याच एक उकलला. अगदी आतलं, बोटाएवढं पान उजेडात धरलं. कड हिरवीगार.

"या वेळी काय घातलंत?"

"काही नाही. उलट कमीच केलं."

शेफ क्रेट भरून घेऊन गेला. ती पॅसेजमध्ये आली. "आई, पाइप भिंतीकडे सरकवले तर तुमचं मशीन आत मावेल. आणू का?"

"खबरदार!" सासूबाई पुटपुटल्या, पाय न थांबवता. "आत्ताच डोळा लागलाय."