सोमवारचं पहिलं रक्त

"ताई, सर हल्ली पाणी फार पितात हो," बाबांच्या लॅबमधल्या तंत्रज्ञ बाईंनी मला जिन्यातच गाठून सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. "अहो, मधुमेहावर एकोणीस शोधनिबंध छापून आलेत बाबांचे. त्यांना मी काय शिकवणार?"

एरवी मी अशी बेफिकीर नाही. मुलगी दोनदा शिंकली की थर्मामीटर बाहेर येतो. तिच्या शीचीसुद्धा माझ्याकडे वही आहे. पण बाबांची वही कोण ठेवणार? ते तर स्वतःच पुस्तक!

बाबांच्या लॅबमध्ये एक जुनी रीत होती. दर सोमवारी साखर मोजायच्या यंत्रात पहिलं रक्त बाबांचं, उपाशीपोटी. आकडा नव्वदच्या आसपास आला की यंत्र ठीक, मग रुग्णांचे नमुने. पंधरा वर्षं असंच चाललं होतं. पुढची काही वर्षं आकडा हळूहळू चढत गेला; बाबा म्हणायचे, यंत्र म्हातारं झालंय. मग एका सोमवारी आले दोनशे चाळीस. बाबांनी यंत्र पुसायला लावलं. पुढच्या सोमवारी दोनशे साठ. बाबांनी मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक आला तेव्हा मी मुलीला घेऊन तिथेच होते, बाबांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं आणि स्वतःचंच बोट टोचलं. ब्याण्णव. मग बाईंचं. अठ्ठ्याऐंशी.

"यंत्र ठणठणीत आहे, सर."

"मग माझ्याच वेळी का बिघडतं?"

"ते मी कसं सांगू? मी यंत्रं दुरुस्त करतो."

बाई एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. एवढ्यात टेबलाखालून माझ्या मुलीचा आवाज आला, "आजोबांना बाऊ!"

मी वाकून बघितलं. बाबांचा मोजा करंगळीपाशी ओला होता.

"बाबा, मोजा काढा."

"अगं, नवे बूट चावलेत. मुळीच दुखत नाही."

त्या 'दुखत नाही'सरशी मी मान वर केली. समोर भिंतीवर बाबांच्याच निबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं, "न दुखणारी जखम सर्वांत धोक्याची. रुग्ण बहुधा बुटांना दोष देतात."

"बहुधा नाही, शंभरातले एकाहत्तर. नीट वाच."

"आता बहात्तर करा, सर," बाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या.

बाबांनी मोजा काढला. करंगळीला चिघळलेली जखम होती. मग एकोणीस निबंधांचे धनी अगदी बारीक आवाजात मला म्हणाले, "बोट जाईल का गं?"

नाही गेलं. आणखी आठवडा गेला असता तर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते बाबांचेच विद्यार्थी. त्यांनी बाबांच्या हातात पायांच्या काळजीची पुस्तिका ठेवली. ती बाबांनीच लिहिलेली. घरी येऊन बाबांची तक्रार: अक्षर फार बारीक आहे. मी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

सोमवारचं पहिलं रक्त आता बाईंचं असतं. जिन्यातलं त्यांचं बोलणं हसण्यावारी नेल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "सरांनी मेकॅनिक बोलावला, तुम्ही निदान मोजा तरी काढायला लावलात."

तुमच्या घरातही सगळ्यांना सल्ले देणारं कुणीतरी असेलच. हे वाचून झालं की त्यांना खुर्चीत बसवा आणि मोजे काढायला लावा. रागावतील, रागावू द्या. आणि 'दुखत नाही' म्हणाले, तर दिवा लावून नीट बघा.