आठ खाटांची कवायत

पी.टी.च्या बाईंना शाळेत सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. अर्थात त्यांच्या पाठीमागे. मैदानावर त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की तिसऱ्या मजल्यावर गणित सोडवणारी पोरंसुद्धा बाकाखाली टाचा जुळवायची. अशा बाईंच्या वाट्याला नवरा आला तो किल्लीकाका. काका कुलपं दुरुस्त करायचे. दिवसभर कुलपाला कान लावून बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बाईंचं ऐकायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा दिनक्रम. संसार दृष्ट लागावी असा चालला होता, कारण दोघांपैकी एकच जण बोलत होतं.

मग साथ आली. एकेका देशाने दारं लावून घेतली, शाळेला टाळं लागलं, मैदानावर गुडघाभर गवत वाढलं. आणि एके दिवशी काका तापाने फणफणले. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली तेव्हा अँब्युलन्स आली. पांढऱ्या झग्यातल्या दोघांनी त्यांना जिन्यावरून उतरवलं आणि बाईंना सांगितलं, “तुम्ही चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही.” हॉस्पिटलात भेटायला कुणालाच सोडत नव्हते. बाईंनी जिन्याच्या कठड्याला धरून हात हलवला. काकांचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. त्यांनी तो पाहिलाच नाही.

घाबरलेल्या माणसाने काय काय करू नये हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानंतरचे चार दिवस बाईंना बघायला हवं होतं. टीव्ही सकाळी लागायचा तो रात्री झोपताना बंद व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात मेलेल्यांचा आकडा फिरत असायचा आणि बाई त्याच्याकडे टक लावून बसायच्या, जणू आपण नजर काढली तर तो वाढेल. परदेशातली लेक दिवसातून सात वेळा फोन करायची आणि सातही वेळा वेगळा सल्ला द्यायची. वाफ घे, वाफ घेऊ नकोस. नळाच्या तोट्या घासून घासून बाईंची बोटं सोलवटली. चहा करायच्या आणि प्यायला विसरायच्या. दोनशे पोरांना एका शिट्टीत रांगेत उभं करणाऱ्या बाईंना स्वतःचं मन काही रांगेत उभं करता येईना.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

“मी वॉर्डातली सिस्टर बोलतेय. घाबरू नका.”

‘घाबरू नका’ या शब्दांनी माणूस जितका घाबरतो, तितका दुसऱ्या कशाने घाबरत नाही.

“तुमचे मिस्टर ऐकत नाहीत हो,” सिस्टर म्हणाली. “ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या यंत्रातला आकडा सत्त्याऐंशीच्या वर जात नाही. त्यांना पालथं झोपवायचंय, म्हणजे फुप्फुसं मोकळी होतात. पण पाच मिनिटं झाली की उताणे होतात. म्हणतात, जीव गुदमरतो. डॉक्टर म्हणालेत, परवा सकाळपर्यंत आकडा नव्वदच्या वर टिकला नाही तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल.”

“ऐकत नाहीत? आमचे हे?” बाईंचा विश्वास बसेना. “त्यांच्या कानाला फोन लावा.”

“कानाला मास्कचे पट्टे आहेत. थांबा, स्पीकरवर टाकते.”

खरखर झाली. मागे यंत्रांची टिकटिक ऐकू आली, कुणाचा तरी खोकला, आणि मग एक बारीक, दमलेला श्वास. तो कुणाचा हे बाईंना सांगावं लागलं नाही. पण त्यांच्या तोंडातून निघाला तो तीस वर्षांच्या सवयीचा आवाज.

“अहो! काय ऐकतेय मी? चला, पालथे व्हा! उशी छातीखाली. मान उजवीकडे. हात वर. आता नाकाने श्वास घ्या, एक, दोन, तीन, चार. तोंडाने सोडा, हळूहळू, सहापर्यंत.”

पलीकडे धडपड ऐकू आली. मग सिस्टरचं हसू.

“काय झालं? वळले का?”

“मिस्टर वळतायत. पण त्यांच्याआधी शेजारच्या खाटेवरचे ट्रकड्रायव्हर वळले. दोन दिवस आम्ही त्यांच्या हातापाया पडत होतो!”

“बाई, आवाज असा आला की पाय आपोआप जुळले,” ड्रायव्हर मास्कमधून घोगऱ्या आवाजात म्हणाला. “शाळेतली आठवण झाली. तेव्हा लई मार खाल्लाय.”

“बोलू नका. श्वास घ्या,” बाई म्हणाल्या.

वॉर्डात आठ खाटा होत्या. अर्ध्या तासात आठही माणसं पालथी पडली होती. सिस्टरने आपला मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सलाइनच्या स्टँडला टांगला आणि ठरलं ते असं, की सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच या तीन वेळांना बाईंनी फोनवरून कवायत घ्यायची. त्या संध्याकाळी काकांचा आकडा एकोणनव्वद झाला. बाईंनी चार दिवसांत पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला लेकीचा फोन आला. ती रडत होती. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांना मशीनवर ठेवलं होतं आणि ते गेले. “आई, बाबांना मशीनवर नको ना गं ठेवायला,” ती म्हणत राहिली. बाईंनी तिला कसंबसं समजावलं, फोन ठेवला आणि नको तेच केलं. टीव्ही लावला. दहाला कवायत सुरू झाली तेव्हा त्यांच्या छातीत धडधडत होतं आणि डोळ्यांपुढे आकडा फिरत होता.

“घ्या एक-दोन-तीन-चार! सोडा! घ्या एक-दोन-तीन-चार! सोडा! जोर लावा, आळस नको, घ्या!”

आपण पळतोय हे त्यांना कळलंच नाही. मैदानावर कळायची गरजही नसते; पोरं पळतात, दमतात, पाणी पिऊन पुन्हा पळतात. पण इथे पलीकडे आठ थकलेली माणसं होती आणि ती बाईंच्या मागे जीव तोडून धावत होती. आधी एक यंत्र किंचाळलं, मग दुसरं. कुणीतरी खोकत सुटलं.

“थांबा, बाई, थांबा!” सिस्टर ओरडली. “सगळे धापा टाकतायत!”

बाई थांबल्या. टीव्हीवर बातम्या चालूच होत्या.

पाच मिनिटांनी सिस्टर पुन्हा बोलली. “बाकीचे ठीक आहेत. मिस्टरांचा आकडा चौऱ्याऐंशीवर आलाय. डॉक्टर म्हणतात, आता उद्याची वाट बघायची नाही. संध्याकाळी पाचला तपासतील आणि ठरवतील.” मग जरा घुटमळून म्हणाली, “त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मी मास्क थोडा उचलते. एवढंसंच बोला हं काका.”

“अगं,” काका म्हणाले. दोन श्वास गेले. “तू घाबरलीयस. मला कळतं. तुझ्या मोजण्यात कळतं.” पुन्हा श्वास. “जोर लावून कुलूप उघडत नाही. हळू घे. मी येतो तुझ्यामागून.”

एकतीस वर्षांत त्यांनी बायकोला केलेली ही पहिली सूचना. बाईंनी फोन ठेवला, पदर तोंडात कोंबला आणि रडल्या. पोटभर रडल्या. नवऱ्याच्या भीतीने रडल्या आणि आपल्याच हाताने आकडा खाली आणला या लाजेनेही रडल्या. आपल्याला भीती वाटते हे त्या इतके दिवस कुणालाच सांगत नव्हत्या, स्वतःलासुद्धा नाही. आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याने ते फोनवर, पालथ्या पडल्या पडल्या ओळखलं होतं.

रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. लेकीला फोन लावला. “आजपासून दिवसातून एकदाच फोन. संध्याकाळी सहाला. सल्ला एकही नको. तू काय जेवलीस ते सांग, मी काय जेवले ते सांगते.” लेक आधी रुसली, मग म्हणाली, “आई, मलापण खूप भीती वाटते गं.” बाई म्हणाल्या, “मलाही वाटते, बाळा.” बोलून टाकल्यावर दोघींनाही जरा बरं वाटलं.

मग त्यांनी बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं, जमिनीवर सतरंजी अंथरली, छातीखाली उशी घेतली आणि स्वतः पालथ्या झाल्या. मान उजवीकडे. समोर मनगटी घड्याळ. चारपर्यंत श्वास घ्यायला गेल्या तर तो दोनवरच संपला. बाई चाट पडल्या. जे आपल्याला धडधाकट असून जमत नाही ते आपण आजारी माणसांकडून दरडावून करून घेत होतो! पुन्हा घेतला. तीन. लादीचा गारवा सतरंजीतून पोटाला लागत होता. खाली रस्त्यावर कुणी चिटपाखरू नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी श्वास चारपर्यंत पोहोचला, आणि बऱ्याच वेळाने सहाच्या मोजणीत सावकाश बाहेर पडायला लागला. बाई उठल्या नाहीत. तशाच पडून राहिल्या आणि दोन वाजता तिथूनच फोन लावला.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, “सकाळी माझी चूक झाली. मी घाबरले होते. आता मीही तुमच्यासारखीच पालथी पडलेय, घरात, जमिनीवर. माझ्याच्याने होईल तेवढंच मोजेन. ज्याला जमणार नाही त्याने सोडून द्यायचं आणि पुढच्या श्वासाला पुन्हा यायचं. घाई नाही.”

“आता कसं बोललात, बाई!” ड्रायव्हर म्हणाला.

“एक…” बाईंनी सुरुवात केली. हा आवाज शाळेत कुणी ऐकला नव्हता. लेक तान्ही असताना तिला थोपटायच्या तेव्हा कधीतरी तो निघाला असेल. “दोन… तीन… चार. सोडा. सगळा सोडा. काही राहिलं नाही पाहिजे.”

तासभर त्या मोजत होत्या. मान अवघडली, घसा कोरडा पडला. पलीकडे आठ श्वास आधी आपापल्या वाटेने जात होते. हळूहळू ते एकत्र आले, आणि त्यांत कुठला काकांचा हे बाईंना ओळखता येईना. त्यांना फार हायसं वाटलं, कारण सकाळपर्यंत तोच श्वास सगळ्यांत वेगळा, सगळ्यांत दमलेला होता.

पाचला डॉक्टर आले. बाई फोन हातात धरून बसल्या होत्या. सव्वापाचला सिस्टर म्हणाली, “एक्क्याण्णव. नळी आज नाही. डॉक्टर म्हणतात, जे करताय तेच करत राहा.”

दुसऱ्या दिवशी आकडा नव्वदवर घसरला, बाईंचा जीव टांगणीला लागला, पण मोजणीचा वेग तसूभरही वाढला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ब्याण्णव. असे नऊ दिवस गेले. ऑक्सिजन आधी थोडा, मग पुष्कळ कमी केला, आणि दहाव्या दिवशी सिस्टर म्हणाली, “आज परीक्षा आहे. मिस्टरांनी ऑक्सिजनशिवाय सहा मिनिटं चालायचं. आकडा नव्वदच्या खाली गेला नाही तर उद्या सुट्टी. गेला तर अजून आठवडा. तुम्ही मोजणार ना?”

बाई उठून उभ्या राहिल्या. “नाही. मोजायचं काम त्यांचं त्यांना करू दे. मी ऐकते.”

काका चालायला लागले. सपाता घासत असल्याचा आवाज. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. एक मिनिट, चौऱ्याण्णव. दोन मिनिटं, त्र्याण्णव. खाटांवरून कुणी ‘चला काका’ म्हणालं. तीन मिनिटांनंतर पावलं मंदावली. “एक्क्याण्णव,” सिस्टर म्हणाली आणि तिचा आवाज जरा पातळ झाला.

बाईंच्या जिभेवर ‘शाब्बास, चला, आणखी जोर’ आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. फोनमध्ये काका थांबले होते. मग त्यांचा आवाज आला, अगदी हलका, स्वतःपुरता: “एक… दोन… तीन… चार.” आणि लांब सोडलेला श्वास. पुन्हा एकदा. आणि सपाता घासायला लागल्या.

“ब्याण्णव,” सिस्टर म्हणाली. “पाच मिनिटं. ब्याण्णव. काका, अजून थोडं. सहा! सहा मिनिटं झाली! त्र्याण्णव आहे, बाई, त्र्याण्णव!”

वॉर्डात जो गलका झाला तो मास्कांच्या आतून होता, त्यामुळे त्यात एकही शब्द कळत नव्हता. ड्रायव्हर स्टीलचा ग्लास खाटेच्या दांड्यावर बडवत होता. सिस्टर हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच माहीत. बाईंच्या घशातून मात्र आवाज फुटेना. तीस वर्षं मैदान गाजवलेला तो आवाज आज नेमका पळून गेला होता.

“अगं, आहेस ना?” काकांनी विचारलं. “दम लागला नाही मला. आता काय करू?”

बाईंनी सावकाश श्वास घेतला.

“घरी या,” त्या म्हणाल्या.